माणशी ताशी किती?

परवाच्या बैठकीत पडद्यावर आलेखाचे दोन खांब उभे केले होते. एक इथल्या, परदेशातल्या कारखान्याचा, दुसरा आपल्याकडच्या. माणशी ताशी किती बिजागऱ्या? आपला खांब जेमतेम अर्ध्याच्या वर. कुणी वावगं बोललं नाही, पण दोन-चार नजरा माझ्याकडे वळल्या आणि ते मला लागलं.

दोन्हीकडे मी काम केलंय. आपल्याकडे पट्टी कापणं, प्रेसवर पाती काढणं, तार तोडून पिन करणं, प्लेटिंग म्हणजे धातूचा मुलामा देणं, जोडणी, सगळं एकाच छपराखाली. इथे पिन तयार येते, प्लेटिंग बाहेरून होतं. मग तास कमी लागणारच! ते तास पुरवठादाराच्या हजेरीपटावर चढतात, एवढंच. पॅकिंगला ठेकेदाराची माणसं आहेत, त्यांचे तासही आमच्यात धरत नाहीत. ती म्हणे विकत घेतलेली सेवा.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. आठवड्याला २०,००० बिजागऱ्या, १०० माणसं, ४,००० तास, म्हणजे तासाला ५. आता पिन आणि प्लेटिंग बाहेर द्या. ६० माणसं, २,४०० तास, तासाला ८ च्या वर. हात तेच, वेग तोच, आणि आकडा दोन तृतीयांशाने वाढला. पण बिजागरीची किंमत १०० धरा. आधी बाहेरून घेतलेला माल ४० चा होता, आता ६४ चा. तो वजा केला तर मूल्यवर्धन पूर्वीही तासाला ३०० आणि आताही ३००. खांब हलतच नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून कबूल करतो. इथे येणारी पट्टी! मायक्रोमीटर लावून पाहा, कॉइलच्या, म्हणजे पट्टीच्या गुंडाळीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी एकसारखी. जाडीत जरा फरक पडला की पाती वळवून केलेली नळी आवळते, पिन जात नाही. आपल्याकडे मग माणूस हातोडी घेतो, पिन ठोकतो, पाती पुन्हा सरळ करतो, कडेला उरलेली धारदार बर घासतो. जोडणीवरची एक बाई, तळहाताला घट्टे पडलेले, नळीत पिन अर्धी शिरताच सांगायची, "ही कॉइल बदला." तिचं नेहमी बरोबर निघायचं. आणि नुसता अडकलेला माल सुटा करण्यात तिचा दिवस जायचा. दोष खरेदीचा, तास मात्र तिच्या नावावर.

परदेशात गेला आणि तिकडचंच कौतुक करायला लागला, असं कुणी म्हणू नये. चांगल्या मालावर काम करायला मिळावं म्हणूनच मी आलो, आणि त्यात मला गैर वाटत नाही.

दोन्ही कारखान्यांच्या खरेदीचे आणि ठेकेदारांच्या तासांचे आकडे मी लेखी मागितले आहेत. ते येईपर्यंत तो तक्ता मला मान्य नाही, हेही त्याच पत्रात लिहिलंय.