पालच्या यात्रेत कॅमेरा: समुद्रावरची काळजी इथे चालत नाही

पालच्या खंडोबाच्या यात्रेला निघण्याआधी अनुभवी फोटोग्राफर मंडळींना विचारून घेतलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच: "गुहागरला, मालवणला नेतोस ना कॅमेरा? तेवढीच काळजी घे. ओलं फडकं जवळ ठेव आणि पुसत राहा." हा सल्ला साफ चुकीचा आहे. तो पाळल्यामुळे सोबतच्या मित्राच्या लेन्सची वाट लागली, म्हणून हे तातडीने लिहितोय. अंग अजून दुखतंय आणि कानामागची हळद अजून निघायची आहे.

समुद्रावर खरा त्रास मिठाचा. खारे तुषार वाळले की काचेवर मिठाचे कण राहतात. मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसणं तिथे योग्यच आहे. पालला उधळतात तो भंडारा म्हणजे हळदीची पूड, आणि हळद पाण्यात विरघळत नाही. ओली झाली की तिचा लगदा होतो, तो झूमच्या रिंगेखाली आणि बटणांच्या फटीत शिरतो आणि वाळून तिथेच घट्ट बसतो. मित्राची रिंग त्या संध्याकाळीच कचकचायला लागली आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्यात अडकली.

मी सांगलीचा. निघताना मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या एका हमालमामांशी सहज बोलणं झालं. ते म्हणाले, "हळद झटकायची, पुसायची न्हाय. पानी तर दावायचंच न्हाय." कॅमेरा कधी हातात न धरलेल्या माणसाचा हा सल्ला बाकी सगळ्यांच्या वरचा निघाला. माझं सामान वाचलं ते त्यामुळेच.

पाल कराड तालुक्यात, तारळी नदीच्या काठी. सातारा-कराड महामार्गावरून काशीळला आत वळायचं. पौषात, बहुतेक वर्षी जानेवारीत, खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, तेही गोरज मुहूर्तावर. त्यामुळे फोटोचा सगळा खेळ दिवस मावळायच्या आधीच्या तास-दीड तासाचा. गाड्या गावाबाहेरच अडवतात, पुढे चालायचं. तेव्हा पाठीवर मोजकंच घ्या. तिपाई (ट्रायपॉड) घरी ठेवा, ती उभी करायला वीतभर जागा मिळत नाही.

आता तो वाईट टप्पा. देवळाकडून नदीच्या वाळवंटात उतरून बोहल्याकडे जाणारी वाट. अंतर काहीच नाही, पण मिरवणूक निघाली की चारी बाजूंनी माणसं दाटतात, पायाखालची बारीक वाळू वर उठते आणि वरून ओंजळीच्या ओंजळी भंडारा येतो. "येळकोट येळकोट जय मल्हार"चा गजर झाला की पुढच्या क्षणी समोरचा माणूस दिसत नाही, नुसता पिवळा धूर. इथे लेन्स बदलायची नाही. दोन मिनिटांसाठीही नाही, पिशवीत हात घालूनही नाही. एका लेन्सवर भागवायचं. जिची नळी पुढेमागे होते ती झूम लेन्स तर इथे आणूच नये. ती प्रत्येक वेळी लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते आणि हवेबरोबर भंडाराही. आतल्या आत झूम होणारी ७०-२०० किंवा साधी ३५ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स, एवढंच न्या. "वेदर सील्ड आहे", म्हणजे सांध्यांना रबर लावलंय, या भरवशावर राहू नका. ते रबर पावसाच्या थेंबांना अडवतं, पण पिठासारख्या बारीक भुकटीपुढे त्याचा फारसा निभाव लागत नाही.

माझी तयारी अशी होती. लेन्सवर यूव्ही फिल्टरची काच, त्यावर खोल हूड, म्हणजे लेन्सपुढे बसवायचं नळकांडं. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून ती हूडवर रबरबँडने आवळलेली, मागचं तोंड हात घालण्यापुरतं उघडं. चार्जिंगच्या आणि केबलच्या झाकणांवर कागदी चिकटपट्टी, फ्लॅशच्या खाचेवरही. फ्लॅश तसाही वापरू नका, हवेतला प्रत्येक कण पांढरा चमकतो आणि फोटो ठिपक्यांनी भरतो. व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर ठेवला तर सगळीकडचा पिवळा पाहून कॅमेरा गोंधळतो आणि रंग निळसर करतो. तो 'ऊन' या सेटिंगवर पक्का करा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढा. सूर्य समोर ठेवून उभं राहिलात तर भंडारा आतून पेटल्यासारखा दिसतो. त्या उजेडासाठी सगळी यातायात परवडते, हे मनापासून सांगतो.

गच्चीचं सांगायलाच हवं. वाटेवरच्या एका घरात वर उभं राहायचे माणशी ५०० रुपये मागितले, आणि वर गेल्यावर मोठा कॅमेरा पाहून आणखी ३००. पैसे गेल्याचं दुःख नाही, पण वरून भंडाऱ्याचा ढग दिसतो आणि माणसांचे चेहरे त्याखाली झाकले जातात. पैसे देऊ नका. खालीच भिंतीला पाठ लावून थांबा, म्हणजे निदान मागून तरी भंडारा येत नाही.

मुक्कामी परतल्यावरचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी घराबाहेरच काढा. आधी मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली झटका, मग हातपंपाचा ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक थेंब उडाला तरी डाग पडतो. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातला द्रव काचेवर उडतो. फिल्टर काढण्याआधी त्याची कड नीट झटका. लेन्स काढून बॉडी उघडायची वेळ शेवटी, तीही तोंड जमिनीकडे करून. नंतर एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, मग पुन्हा ब्लोअर.

सगळं झटकून झाल्यावरही पिवळा डाग उरला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापडावर घेऊन तो टिपा, लेन्सवर थेट ओतू नका. साबणाला हात लावू नका. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. साबणाच्या क्षारानेही हळद तशीच लाल होते. मित्राच्या कॅमेऱ्याच्या पांढऱ्या पट्ट्याचं तेच झालं. पट्ट्यासारख्या कापडी वस्तू झटकून उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. कॅमेरा मात्र उन्हात ठेवू नका.



दुरुस्तीचंही सांगतो. मित्राच्या लेन्ससाठी शहरातल्या एका दुकानात आधी ६,००० सांगितले, आणि माझी चालू लेन्सही "आत दोन कण दिसतायत" म्हणून उघडायला काढली. मी ती परत घेतली. आतल्या काचेवरचे दोन-चार कण फोटोत दिसत नाहीत. लेन्स उघडली की ती पुन्हा नीट जुळवावी लागते, त्यात फोकस बिघडायची भीती जास्त. रिंग फिरत असेल आणि फोटो स्वच्छ येत असेल तर कुणालाही लेन्स उघडू देऊ नका. रिंग अडकलीच असेल तर जोर लावून फिरवू नका, काय काय करणार ते आणि किंमत कागदावर लिहून घ्या, मगच लेन्स ताब्यात द्या.