पोकळी भरण्याआधी भिंत जिवंत करा

नडगीच्या वरच्या टोकाचं फ्रॅक्चर, सांध्याचा पृष्ठभाग आत दबलेला. सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या दुचाकी अपघातांत हे नेहमीचं. दबलेला तुकडा टॅम्पने (बोथट टोकाच्या दांड्याने) खालून हळूहळू वर उचलला की त्याच्याखाली पोकळी उरते. ती कशाने भरायची, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं.

सगळ्यात खात्रीचं हाड रुग्णाचं स्वतःचं, कंबरेतून काढलेलं. पण दुसरी जखम होते, तिथलं दुखणं काहींना महिनोन्‌महिने पुरतं आणि हाडही मोजकंच मिळतं. म्हणून कोलॅजन फिलर, म्हणजे कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचं, पोकळी भरायचं तयार साहित्य. हाडाचा साधारण एक तृतीयांश भाग सेंद्रिय, त्यातला सुमारे ९० टक्के टाइप १ कोलॅजन, आणि बाकी खनिज. फिलरमध्ये तीच जोडी असते: कोलॅजनच्या जाळीत हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट किंवा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कॅल्शियमयुक्त खनिजांचे दाणे. आपला सोलापुरी टॉवेल पाणी धरतो तशी ही जाळी रक्त आणि हाडातली मज्जा धरते, आणि तिच्या आधाराने रक्तवाहिन्या आत शिरतात. वजन पेलण्याची ताकद मात्र तिच्यात नाही. सांधा उचलून धरतात ते त्याच्या लगेच खाली रांगेत घातलेले स्क्रू आणि प्लेट. फिलर आहे म्हणून एक स्क्रू कमी घातला, की सहा आठवड्यांत सांधा पुन्हा खचलेला दिसतो.

माल किती लागेल, हा अंदाज फार चुकतो. २ सेंमी व्यासाची गोल पोकळी सुमारे ४ सीसीची; ३ सेंमीची १४ सीसीची. व्यास दीडपट, माल तिपटीहून जास्त. सीटीवरून हिशेब करा, आणि चारही बाजूंनी बंद पोकळी असेल तर ओटीत (ऑपरेशन थिएटरात) सिरिंजने सलाईन भरून खात्री करा.

आता भिंत. क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने) तंतुमय पडदा आणि मेलेलं हाड पूर्ण खरवडून काढा. भिंत पांढरी, गुळगुळीत, फरशीसारखी दिसत असेल तर बर (हाड घासणारं फिरतं टोक) फिरवा किंवा २ मिमी ड्रिलने भोकं पाडा. मग टूर्निके (मांडीवर रक्त अडवणारा पट्टा) सोडा आणि थांबा. भाकरीवर तिखट भुरभुरावं तसे लाल ठिपके भिंतीवर उमटले पाहिजेत. ते दिसेपर्यंत फिलरचं पाकीट उघडू नये. ‘फिलर लागला नाही’ अशी तक्रार येते तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो: भिंतीतून रक्त येत होतं का? कोरड्या भिंतीत पेशी येणार कुठून?

फिलर भिजवायची मज्जा कंबरेच्या हाडातून घ्यायची, एका जागेवरून साधारण २ मिलीच. त्यापुढे सिरिंजमध्ये येतं ते बहुतांशी नुसतं रक्त. म्हणून सुईची दिशा किंवा खोली बदलत राहा. फिलर तिच्यात काही मिनिटं मुरू द्या. शेवटची धुलाई फिलर घालण्याआधी उरका. नंतर सलाईनचा फवारा मारला की दाणे वाहून जातात, आणि सक्शनचं टोक जवळ नेलं की उरलेले तोच ओढतो. ठासून भरू नका. दाण्यांमधली जागा मिटली तर रक्तवाहिन्या बाहेरच थांबतात. उतू जाईल इतकंही नको, कातडी ताणून शिवावी लागते आणि जखम झिरपते. शिवण्याआधी सी-आर्मवर (ओटीतल्या एक्स-रे यंत्रावर) बघा, एकही दाणा सांध्यात गेलेला नको.

पू असेल तिथे फिलर घालायचाच नाही. आधी सफाई, अँटिबायोटिक घातलेल्या सिमेंटचा ठोकळा, ६ ते ८ आठवडे वाट, आणि त्याभोवती तयार झालेल्या पडद्यात मग ग्राफ्ट (हाडाचं रोपण).

उरलेला माल पुन्हा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नये. १२१ अंशांच्या वाफेत कोलॅजनचं जिलेटिन होतं; जाळी संपली, उरला तो चिकट गोळा. पार्सलचंही तेच भान हवं: मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो, आणि बंद गाडीत त्याहून वर. पाकिटावरची तापमानाची मर्यादा माल ताब्यात घेतानाच वाचा.

संमती घेताना कोलॅजन कशाचं, हे सांगायलाच हवं. बरंचसं गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या कातडीतून, स्नायूबंधांतून येतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, जी भाषा रुग्णाची, तीत स्पष्ट विचारा. नको म्हणाले तर कोलॅजनविरहित ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आहे, त्यांचं स्वतःचं हाड आहे. बेशुद्ध माणसाच्या पायात त्याच्या श्रद्धेविरुद्धची वस्तू ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याच बैठकीत तंबाखू आणि मिश्रीची चौकशी करा. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की बायका नाही म्हणतात; मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसते. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि इथे सगळी भिस्त नव्या रक्तवाहिन्यांवरच असते.

एक्स-रे वाचताना घाई नको. नुसतं कोलॅजन एक्स-रेवर दिसतच नाही, त्यामुळे सुरुवातीला पोकळी रिकामी वाटते. उलट हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचे दाणे पहिल्या दिवसापासून पांढरे दिसतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांनाच नवीन हाड समजून पाय टेकवायला सांगितला तर फसगत होते. दाण्यांच्या कडा पुसट होणं, ते आणि भिंत यांमधली काळी रेघ मिटणं, हे बघायचं. ती रेघ तीन महिन्यांनीही ठळक असेल तर सीटी काढा.