पांढरी पाच, किंचित चढी

आमच्या हॉलमधला स्टिरिओ अँप (अँप्लिफायर) माझ्याच वयाचा आहे, म्हणजे मागे फक्त लाल-पांढऱ्या आरसीएच्या जागा, ऑप्टिकल वगैरे प्रकारच नाही. गेल्या महिन्यात नवीन टीव्ही त्याला जोडला आणि स्पीकरमधून बारीक हम्म्म् सुरू झालं. बाबा पेटी वाजवतात, त्यांनी जरा कान दिला, पेटीवर बोट ठेवून बघितलं आणि म्हणाले, "पांढरी पाच आहे रे, पण किंचित चढी." म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मी हसलो, पण नंतर हिशोब केला तर अगदी बरोबर! खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झ, तिच्या वरची ९८, आणि आपली लाईट ५० ची, त्यामुळे हम येतो ५० आणि १०० वर.

टीव्हीवर बातम्या असल्या तर चालून जातं हो, पण नुसता तानपुरा लागलेला असताना त्याच्याखाली हा दुसरा बेसूर तानपुरा, डोकं फिरतं.

आधी मी वायरलाच शिव्या घातल्या, बुधवार पेठेत जाऊन जाडजूड नवीन वायर आणली, काही फरक नाही. मग एकेक वायर काढत गेलो आणि सेटटॉप बॉक्सची छत्रीवाली वायर काढल्या काढल्या एकदम शांत. म्हणजे गच्चीवरून एक अर्थ (अर्थिंग, जमिनीची जोडणी) येतोय, अँपच्या तीन पिनी प्लगमधून दुसरा, आणि दोघांमधला जो थोडासा फरक आहे तो माझ्या आरसी‌ए वायरच्या जाळीतून वाहतोय. एकाने सल्ला दिला की अँपची अर्थची पिन तोडून टाक. असलं काही करू नका, हम जाईल पण उद्या अँपच्या बॉडीत करंट उतरला तर ती पिनच जीव वाचवते.

इथे ऑप्टिकल कामाला येते, कारण त्यात तांबंच नाही, प्लॅस्टिकच्या तारेतून लाल उजेड जातो, मग अर्थची भानगड पोचणार कुठून. टीव्हीतून ऑप्टिकल एका छोट्या डॅकमध्ये (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी डबी) आणि डॅकमधून लाल-पांढरी अँपला. जोडलं, आवाजच नाही! (पिनांवरची प्लॅस्टिकची टोपी काढली होती, तेवढी अक्कल आहे.) अर्ध्या तासाने कळलं की टीव्ही डॉल्बी पाठवत होता आणि बिचाऱ्या डॅकला फक्त पीसीएम, म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल आवाज, कळतं. सेटिंगमध्ये पीसीएम केलं, झालं. हम गायब.

या विजयानंतर अर्थातच वाटलं की आता सगळंच डिजिटल करू. सीडी प्लेयरला मागे कोअ‍ॅक्सियल आउट (तांब्याच्या वायरीवरचा डिजिटल) आहे, जुनी व्हिडिओची पिवळी वायर त्याला चालते कारण तीही ७५ ओहमचीच. पण जरा विचार करा, स्पीकरला शेवटी अ‍ॅनालॉगच लागतं, एक-शून्याचा आवाज कुठेतरी करावाच लागतो, प्रश्न एवढाच की ते काम प्लेयरच्या पोटातला डॅक करणार की बाहेरचा. मी दोन्ही जोडून बाबांना न सांगता आलटून पालटून ऐकवलं, आधी त्यांना बाहेरचा डॅक आवडला, मग लक्षात आलं की तो थोडा मोठा वाजतोय, आवाज सारखे केल्यावर दोघांनाही ओळखता येईना. म्हणून सीडी लाल-पांढरीवरच ठेवली, तिथे हम नव्हताच मुळी.

रेकॉर्ड प्लेयरचं तर विचारूच नका. सुईतून येतं ते जेमतेम काही मिलिव्होल्ट, ते अँपच्या फोनोमध्ये (रेकॉर्ड प्लेयरसाठीच्या खास जागेत) जातं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अ‍ॅनालॉग, त्याला मध्येच डिजिटल करून परत अ‍ॅनालॉग करायचं कशाला? गंमत म्हणजे माझ्या मित्राच्या होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये नेमकं तेच होतं, अ‍ॅनालॉग इनपुटसुद्धा तो आत आधी डिजिटल करून घेतो, डायरेक्ट मोड लावला तरच तसं होत नाही, आणि हा रेकॉर्डच्या "शुद्ध" आवाजाबद्दल आम्हाला तासभर ऐकवत असतो.

आमच्याकडे आता एकच भांडण उरलंय. आमच्या टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज एकाच लेव्हलला निघतो, त्यामुळे रिमोटने कमी-जास्त होत नाही आणि अँपला रिमोटच नाही. जाहिराती लागल्या की आई बाबांकडे बघते, बाबा उठतात आणि बटण पिरगाळून येतात.