चिमुकल्या मुलीचे आखूड, सुळसुळीत केस

माझ्या मुलीला दोन वर्षे होऊन गेली, तरी तिचे केस कानाच्या पाळीखाली फारसे उतरलेले नाहीत. पुढच्या झिपऱ्या डोळ्यांत जातात, मागचे केस जेमतेम मानेला टेकतात आणि सगळेच इतके सुळसुळीत आहेत की सकाळी लावलेली क्लिप दुपारच्या आत घसरून बटेच्या टोकाशी लोंबू लागते. अशा वेळी हात आपसूक रबर आणखी घट्ट करायला जातो. रोज हे केस विंचरताना मात्र माझे मत पक्के होत गेले आहे की बारीक केसांना पकड मिळते ती ताणातून नव्हे, तर त्यांचे योग्य भाग पाडण्यातून.

मोठ्या माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. लहान मुलांचा केस त्याहून बारीक असतो. बारीक केसांची बट हातात भरपूर वाटली, तरी दाबताच ती अगदी चपटी होते, त्यामुळे क्लिपच्या दोन पात्यांमध्ये घट्ट बसण्याइतके काही उरतच नाही. त्यात नुकतेच धुतलेले केस अधिकच निसटतात. म्हणून जरा नेटकी केशरचना करायची असेल, तर ती न्हाऊ घातल्यानंतर लगेच न करता दुसऱ्या दिवशी करावी, हे मला जास्त सोयीचे वाटते.

आमच्याकडे सर्वांत जास्त टिकतो तो डोक्याच्या पुढच्या भागात बांधलेला छोटा तुरा. त्यासाठी फणीच्या टोकाने कपाळापासून मागे असा छोटा त्रिकोणी भाग पाडायचा, बाकीचे केस हाताने बाजूला करायचे आणि त्रिकोणातले केस चिमटीत धरून, ते ज्या दिशेने उगवले आहेत त्याच दिशेने हलकेच वर घ्यायचे. रबराचा पहिला वेढा सैल ठेवून दुसऱ्या वेढ्याला तो जरासा आवळायचा, आणि मग बोटाच्या टोकाने मुळाजवळचे केस किंचित बाहेर सोडायचे, म्हणजे टाळूवर ओढ राहत नाही. तुरा बांधून झाल्यावर मी तिच्या भुवयांकडे पाहते. त्या वर खेचल्यासारख्या दिसल्या, तर रबर काढून पुन्हा बांधते. सारखा ताण पडत राहिला तर मुळांशी बारीक लालसर पुळ्या येतात, कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ लागतात आणि हा ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर तिथले केस कायमचेही जाऊ शकतात. त्यामुळे तुऱ्याची जागा मी रोज थोडी बदलते. कधी तो मधोमध असतो, कधी डावीकडे आणि कधी दोन्ही बाजूंना एकेक.

केस तुऱ्याइतके लांब नसतील, तर पीळ घालणे हा उत्तम मार्ग आहे. बाजूचा भांग पाडून कपाळावरची बट घ्यावी, तिला कानाच्या दिशेने दोनतीन पीळ द्यावेत आणि टिकटॅक क्लिप पिळाला आडवी लावावी. पिळामुळे चपटी बट गोल आणि भरीव होते, म्हणून क्लिपला धरायला काहीतरी मिळते. तीच क्लिप सरळ सोडलेल्या बटेवर थोडा वेळही टिकत नाही. क्लिप आतल्या बाजूने मखमली पट्टी लावलेली असेल तर अधिक चांगले. मोठमोठी फुले असलेल्या क्लिपा दिसायला सुंदर असतात खऱ्या, पण त्यांच्या वजनानेच बारीक केस खाली ओढले जातात. सागरवेणीचा मोह मला अनेकदा होतो, परंतु एवढ्या आखूड केसांच्या बटा एकमेकींत गुंफण्याआधीच सुटतात, तेव्हा तिची वाट पाहिलेली बरी. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कपाळावरच्या झिपऱ्या कानामागे जाईपर्यंत बरेच महिने धीर धरावा लागणार. मध्यंतरी केस कापत राहिले की ते दाट होतात, असे बरेच जण सांगतात. पण केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळातून, आणि कात्रीला त्या मुळाचा पत्ताही नसतो. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते हाताला जाड लागते, इतकेच.

विंचरण्याचा भाग मला केशरचनेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. झोपेत डोके उशीवर घासून मानेच्या वर, अगदी मागच्या बाजूला, एक छोटी पण चिवट जट तयार होते. तिथे वरून फणी ओढली की मूल कळवळते आणि पुढचे काही दिवस फणी पाहूनच पळू लागते. म्हणून त्या भागावर थोडे पाणी फवारून, मुळाजवळचे केस एका हाताने धरून, टोकाकडून सुरुवात करत बोटांनीच गुंता सोडवावा आणि मग रुंद दातांची फणी फिरवावी. केस ओलसर असावेत, चिंब नसावेत, कारण चिंब केस जास्त ताणले जातात आणि लवकर तुटतात. तेलाचे मात्र दोनच थेंब तळहातावर चोळून घ्यावेत. त्याहून जास्त झाले की बारीक केस डोक्याला चिकटून बसतात आणि त्यांची काहीच रचना होत नाही.

मुलगी स्थिर बसेल तेवढाच वेळ आपल्या हाती असतो, हेही लक्षात ठेवलेले चांगले. तिला आरशासमोर बसवून दोन क्लिपांमधली एक निवडायला सांगितली, तर ती निवडण्यात रमते आणि तेवढ्यात भांग पाडून होतो. ती मान फिरवू लागली की मी हात थांबवते. अर्धवट राहिलेल्या रचनेत तसे काही बिघडत नाही.

दुपारच्या झोपेपूर्वी आणि रात्री सगळे उतरवून ठेवणे मी कधीही टाळत नाही. झोपेत क्लिप टोचते, हेअरबँड डोळ्यांवर किंवा गळ्यात घसरू शकतो, आणि या वयात निसटलेली क्लिप किंवा सुटलेला मणी हमखास तोंडात जातो व घशात अडकू शकतो. बारीक रबर ओढून काढल्यास त्यासोबत केसही तुटून येतात, म्हणून मी ते बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने कापते. क्लिपा मोजून तिचा हात पोहोचणार नाही अशा डबीत ठेवते आणि एखादी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत मुलीला अंथरुणावर सोडत नाही.