डॉर्सेटच्या शेडमधला इटलीचा रंग

इंग्लंडमध्ये जुन्या लष्करी गाड्यांचे मेळावे भरतात हे बरीच वर्षं वाचत होतो. या उन्हाळ्यात ताईकडे बेसिंगस्टोकला गेलो तेव्हा एक मेळावा गाठलाच, आणि मैदानात शिरून तास व्हायच्या आत चिडलो.

गाड्यांबद्दल तक्रार नाही. बेडफर्डचे ट्रक, तोफा ओढणारे मॉरिसचे क्वाड, युद्धानंतरच्या ऑस्टिन चॅम्प जीप आणि डेमलरच्या फेरेट चिलखती मोटारी, सगळ्या चालू स्थितीत. लोकांनी आयुष्यातले शनिवार-रविवार त्यांत घातलेले दिसत होते. पण दुसऱ्या महायुद्धातली जी गाडी बघावी ती फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेली. तोच गडद हिरवा, तोच बॉनेटवरचा पांढरा तारा, शेजारच्या पाटीवर दोस्त फौजा तिथे उतरल्या तेच ६ जून १९४४. बर्मातली एकही नाही. इटलीतली एकही नाही. एका मालकाला विचारलं की या गाडीचा नॉर्मंडीशी संबंध कसा कळला. तो सरळ म्हणाला, संबंध माहीत नाही, पण लोकांना हेच ओळखू येतं. वर बर्गरच्या रांगेत अर्धा तास, चिखल, आणि लाउडस्पीकरवर एकच गाणं पुन्हा पुन्हा. मी दुपारीच निघालो.

मला हे का लागलं ते सांगतो. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले. तिथे मिळालेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक) ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि त्यातले दोन मराठा पलटणींचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावातही त्यांचं स्मारक झालं. दुसरे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. गोळीबारात त्यांनी जखमी सोबत्यांना पाणी आणि सुरुंग ओलांडून अलीकडे आणलं, आणि मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. ही माणसं ज्या सैन्यात होती त्याच्या गाड्या असतीलच की! त्या कुठे गेल्या?

आमच्याकडे नगरला रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. माझं हे वेड तिथेच सुरू झालं. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे रणगाडे, रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, हे सगळं कॉलेजात असताना हात लावण्याइतक्या अंतरावरून पाहिलं होतं. तेव्हापासून जुन्या ब्रिटिश लष्करी गाड्यांबद्दल मिळेल ते वाचतो, आणि त्यातूनच डॉर्सेटमधल्या एका काकांशी ई-मेलवर ओळख झाली. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून इथे ते नुसते काका. आयुष्यभर शेतीची यंत्रं दुरुस्त केली, आता निवृत्त, आणि शेडमध्ये युनिव्हर्सल कॅरियर नावाची युद्धकाळातली एक लहान चिलखती गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करतायत. मेळाव्याने विटलेल्या मनाने त्यांना लिहिलं, येऊ का? उत्तर आलं, जुने कपडे घालून या.

मधल्या दिवसांत स्टोनहेंज झालं, समुद्रकाठचे कडे झाले, पावसात भिजणं झालं. त्यात विशेष काही नाही.

डॉर्सेटला जायचं तर वेमथची गाडी धरून वूल स्टेशनला उतरायचं. तिथून बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम दोनेक मैलांवर. रविवारी बस मिळेल या आशेवर राहू नका. मी चालत गेलो, आणि पदपथ नसलेल्या रस्त्यावर गाड्या अंगाला घासून जात होत्या, ते अजिबात आवडलं नाही. म्युझियम मात्र थोर आहे. १९१५ ची 'लिट्ल विली' तिथे आहे, जगातला रणगाड्याचा पहिला नमुना. पण गर्दी कुठे, तर १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेल्या जर्मन टायगर १३१ रणगाड्याभोवती. तिथे मुलं खांद्यावर घेऊन लोक उभे. शेजारच्या दालनात व्हॅलेंटाइनपाशी मी एकटा. मला ते बरंच वाटलं, निवांत बघता आलं.

काका मला म्युझियमच्या दारातून त्यांच्या जुन्या लँड रोव्हरमधून घेऊन गेले. शेड म्हणजे पूर्वीचा गोठा. एका बाजूला पट्ट्यांच्या कड्यांचा ढीग, एका बाजूला चाकं, आणि मधोमध लाकडी ठोकळ्यांवर कॅरियरचं धूड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युनिव्हर्सल कॅरियर ही वरून उघडी, बुटकी, रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर चालणारी लहान चिलखती गाडी. बऱ्याच जणांना ती ब्रेन कॅरियर म्हणून ठाऊक आहे. सगळे देश मिळून लाखाच्या वर बनल्या. ब्रेनगन (हलकी मशीनगन), दारूगोळा, पाणी, जखमी, काय लागेल ते वाहायचं. पायदळाच्या पलटणीत कॅरियरची वेगळी प्लाटून असायची, भारतीय पलटणींतही. फोर्डचं व्ही-८ इंजिन गाडीच्या मधोमध पत्र्याच्या पेटीत, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या बरगड्यांना धग. काकांनी पान्यांचे दोन संच वेगळे टांगले होते. इंजिन फोर्डचं म्हणून आटे अमेरिकन मापाचे, बाकीची गाडी ब्रिटिश मापाची. एका संचाचा पाना दुसऱ्या नटावर चालवला की कोपरे गोल झालेच.

सुकाणूची गंमत त्यांनी आधी दाखवली. रणगाडा वळवायचा तर एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लावतात, एवढं मला ठाऊक होतं. कॅरियरमध्ये स्टिअरिंग थोडं फिरवलं की पुढच्या चाकांची जोडी एका आडव्या नळीसकट बाजूला सरकते आणि लोखंडी पट्टाच वाकतो, धनुष्यासारखा. गाडी त्या वाकलेल्या पट्ट्यावरून अलगद वळते. चाक आणखी फिरवलं तरच ब्रेक लागतो. काकांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः खाली बॅटरी घेऊन वाकले, आणि म्हणाले, हळू. नळी ग्रीसमधून सरकताना हाताला कळते. १९३० च्या दशकातल्या इंजिनिअराचं डोकं एवढ्या साध्या रीतीने चाललेलं पाहून मी चाक उगीचच दोन्ही बाजूंना फिरवत राहिलो. त्यांनी थांबवलं नाही.

गाडी त्यांनी इटलीतल्या एका शेतकऱ्याकडून आणली होती. युद्धानंतर इटलीच्या सैन्यानेही कॅरियर वापरल्या, आणि पुढे कित्येक शेतांवर गेल्या. यांच्या गाडीचा पुढचा पत्रा कापून कुणीतरी विंच, म्हणजे दोराने ओझं ओढायची चक्री, बसवली होती. बहुतेक लोक असा सांगाडा हातात आला की आधी सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने खरवडायला पाठवतात. दोन तासांत सगळं लख्ख, पत्रा उघडा, गंज गेला. आणि त्याबरोबर गाडी कुठे होती, कुणाची होती, हेही गेलं. माझ्या मते लष्करी गाडीबाबत यापेक्षा वाईट काही करता येत नाही. काकांनी तळ आणि आतली बाजू ब्लास्ट केली होती, बाहेरच्या दोन्ही कुशी ठेवल्या होत्या.

उजवी कूस त्यांची घासून झाली होती, तिथे काही निघालं नव्हतं. डावीवर काम चालू होतं. बारीक पॉलिश पेपर, पाण्याची बादली, फडकं. जोर लावायचा नाही, एकाच जागी गोल गोल घासायचं, पुसायचं, बघायचं. मी तासभर नुसता बघत होतो, मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला. वर ट्रॅक्टरला लावतात तसला निळा. त्याखाली इटालियन सैन्याचा हिरवा. मग शेंदरी प्रायमरचा पातळ पापुद्रा. आणि त्याखाली फिकट, मळकट, ओल्या मातीचा रंग. घासलेल्या जागेवर झाडाच्या खोडाला असतात तशी वर्तुळं दिसू लागली. पुढे सरकलो तर मातकट रंगावर काळा पट्टा आला, वळणदार कडेचा.

काका कागद बाजूला ठेवून जवळ आले. १९४३ पासून भूमध्यसागराच्या आघाडीवर ब्रिटिश गाड्यांना हाच रंग लावायचे, मातकट अंग आणि वर काळे पट्टे. नॉर्मंडीला गेलेल्या गाड्या असल्या रंगात नव्हत्या. म्हणजे ही गाडी इटलीत नुसती विकली गेली नव्हती, युद्धातही तिकडेच होती.

आता आम्ही दोघं घासत होतो, बोलणं बंद. पुढच्या बाजूला पांढरं काहीतरी आलं. आधी आडवी रेघ, मग तिच्या मधून खाली उतरणारी उभी. टी. ब्रिटिश सैन्याच्या प्रत्येक गाडीला नोंदणी क्रमांक असायचा आणि पहिल्या अक्षरावरून जात कळायची. लॉरीला एल, मोटारीला एम, लहान ट्रकला झेड, पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीला टी. टी-नंतर दोनचा आकडा निघाला, मग पुढचे. शेवटचा आकडा विंचच्या कापाने अर्धा खाल्ला होता, तीन किंवा आठ. पूर्ण क्रमांक मी लिहीत नाही, काकांचा शोध चालू आहे. पण त्या अंकांवर हाताने मारलेल्या ब्रशचे केस दिसत होते. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी डबा-ब्रश घेऊन गुडघ्यावर बसून ते रंगवले होते. माझ्या घशात आवंढा आला. काकांनी चहा केला, आणि बिस्किटांचा अख्खा डबा माझ्यापुढे ठेवला. इंग्रज आतिथ्य करत नाहीत असं मला कित्येकांनी सांगितलं होतं. ते खोटं आहे.

क्रमांकावरून सरकारी करार सापडतो, करारावरून कारखाना: श्रूजबरीचं सेंटिनेल, ग्रँथमचं अव्हेलिंग-बारफर्ड, थॉर्निक्रॉफ्ट, वुल्सली, फोर्ड यांपैकी कुणी बनवली ते. युद्धानंतरच्या फेरेटसारख्या गाड्यांचं नशीब चांगलं, त्यांची नोंदकार्डं बोव्हिंग्टनच्या संग्रहात आहेत आणि गाडी कोणत्या पलटणीत कधी होती ते त्यांवर लिहिलेलं असतं. युद्धकाळातल्या एकेका गाडीचा असा मागोवा क्वचितच लागतो. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत, पण त्यांत हल्ला, पाऊस, जखमी असतात. कोणत्या कॅरियरचा क्रमांक काय, हे कोण लिहीत बसणार?

मी विचारलंच. मडगार्डवर आठव्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह असलेले तीन क्लोव्हर (एक रानरोप) रंगवाल का? नामदेव जाधवांची १/५ मराठा पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. सांग्रो, गारी, आर्नो, सेनियो, नदीमागून नदी ओलांडत गेलेली डिव्हिजन. त्यांना जाधवांची गोष्ट सांगितली, मोबाइलवर माणगावचा पुतळा दाखवला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गावाचं नाव दोनदा म्हणून पाहिलं.

मग म्हणाले, "इटलीत कॅनडाचे होते, न्यूझीलंडचे होते, पोलंडचे होते, आमचे होते, तुमचे होते. सगळ्यांकडे कॅरियर होत्या. माझ्याकडे रंग आहे आणि क्रमांक आहे, तेवढंच मी रंगवणार. पुरावा आणा, क्लोव्हर त्याच दिवशी काढतो."

मी वाद घातला. म्हणालो, शंभर गाड्यांवर पुराव्याशिवाय नॉर्मंडी आहे, एकीवर भारत असला तर काय बिघडलं? ते म्हणाले, मग एकशे एक होतील. परतीच्या गाडीत साउथॅम्प्टन जाईपर्यंत मी मनात भांडत होतो. पण त्यांचं बरोबर आहे. ज्या गोष्टीवर मेळाव्यात चिडलो तीच मी आपल्या माणसांच्या नावाने करायला सांगत होतो, आणि घाडगे-जाधवांना उसन्या मडगार्डाची गरज नाही. ती गाडी मातकट आणि काळ्या रंगात, पांढऱ्या टी-क्रमांकासह, रिकाम्या मडगार्डाने मैदानात उभी राहील. नॉर्मंडीच्या रांगेत ती एकटी इटलीची असेल, हेही मोठं आहे. पट्ट्यांच्या गाडीला तिकडे वेगळा परवाना लागतो, तो काकांनी काढून ठेवलाय.

आता पुराव्याचं. तो इंग्लंडात मिळेल असं मला वाटत नाही, आपल्याकडे मिळेल. साताऱ्यात अपशिंग्यासारखी घरटी सैनिक असलेली गावं आहेत. सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, नगर, कुठल्या तरी घरात ट्रंकेच्या तळाशी इटलीतला फोटो असेल. आजोबा किंवा पणजोबा एखाद्या गाडीला टेकून उभे असतील. त्या गाडीच्या कुशीवर टी-पासून सुरू होणारा क्रमांक आणि मडगार्डवरचं चिन्ह वाचता येतं का ते भिंगाने बघा. फोटो कडांसकट स्कॅन करा, मागची बाजूही, तिथे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असतो. आणि फ्रेम करताना कृपा करून फक्त चेहरा मोठा करून बाकीचा भाग कापून टाकू नका. काही सापडलं तर मला कळवा, मी त्याच दिवशी डॉर्सेटला पाठवतो.