'रस' उलटला की 'सर'

आज दिवसभर डोक्यात डेमोक्रिटसच आहे, सगळं जग अणू आणि पोकळी यांचंच आहे म्हणणारा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ. थ्रेसमधल्या अब्देराचा, जन्म इ.स.पू. 460च्या आसपास. त्याचा एकही ग्रंथ अखंड उरला नाही, याची हळहळ वाटतेच. बरंचसं कळतं ते अॅरिस्टॉटल आणि त्याचा शिष्य थिओफ्रास्टस यांच्याकडून, म्हणजे डेमोक्रिटसच्या टीकाकारांकडून.

डेमोक्रिटसचे सगळे अणू एकाच द्रव्याचे. फरक फक्त आकार, क्रम आणि ठेवण यांचा. अॅरिस्टॉटल हे अक्षरांनी समजावतो. आपल्या लिपीत सांगायचं तर 'रस' उलटला की 'सर', हा क्रम. रोमन झेड आडवा पाडला की एन, ही ठेवण.

आंबट चव टोकदार अणूंची, गोड चव गोलसर अणूंची. पण खुद्द अणूला ना चव, ना रंग. वैशेषिक दर्शनाच्या कणादाशी त्याची सरसकट बरोबरी करताना नेमकी इथेच गफलत होते. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज, वायू असे चार जातींचे, आणि रूप, रस, गंध, स्पर्श हे गुण त्यांच्यातच असतात.

आणि ती पोकळी! अणूंना हलायला रिकामी जागा हवीच. 'जे नाही' त्याचा विचारही करता येत नाही, असं आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस बजावून गेल्यावर डेमोक्रिटसचा गुरू ल्युकिपस आणि डेमोक्रिटस म्हणाले, पोकळीही आहे. अणूंपेक्षा मला हेच धाडस मोठं वाटतं.