बेल्ट नवा, वास तोच

गाडी आली तेव्हा इंजिनवरच्या, अल्टरनेटर आणि एसीचा कंप्रेसर फिरवणाऱ्या बेल्टवरचे छापील आकडेही पुसले नव्हते, इतका तो नवा होता. काही महिन्यांत दुसऱ्यांदा बदललेला. तक्रार मात्र तीच, रबर जळल्याचा वास. आधीच्या गॅरेजात मालकांना सांगितलं होतं, "हल्ली बेल्टच खराब येतात." बेल्ट कशामुळे तापतोय हे न बघता बेल्ट बदलून गाडी परत पाठवायची, या सवयीची मला मनापासून चीड आहे.

बॉनेट उघडण्याआधी मी विचारलं, वास नेमका येतो कधी? भर दुपारी, गर्दीत गाडी रखडली की, आणि तेही एसी चालू असेल तरच. एसीची हवा मधूनच गरम होते, म्हणून दोनदा गॅसही भरून झाला होता. वास आणि कूलिंग या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून दोन ठिकाणी गेल्या, त्या कोणी एकत्र ठेवून पाहिल्याच नाहीत.

तरी बाकीची कारणं आधी बाद करावीच लागतात. घसरणारी क्लच प्लेट, चिकटलेला ब्रेक, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून गरम मॅनिफोल्डवर ठिबकणारं ऑइल, या सगळ्यांच्या वासाला लोक 'रबर जळतंय' असंच म्हणतात. ब्रेकसाठी गाडी थोडी फिरवून चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यायचं. एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकात मोठा फरक दिसला तर कॅलिपरची स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकलाय. इथे फरक नव्हता. ऑइलचा माग नव्हता, फाटलेल्या ॲक्सल बूटमधून उडालेलं ग्रीसही नव्हतं. इंजिन बंद करून बेल्ट उतरवला आणि प्रत्येक पुली हाताने फिरवली. चांगलं सीलबंद बेअरिंग ग्रीसमुळे किंचित जड फिरतं आणि लगेच थांबतं. बोटाच्या एका झटक्यात बराच वेळ गरगरत राहणारी पुली चांगली, असा समज आहे. खरं तर तिच्यातलं ग्रीस संपलेलं असतं. आयडलर आणि टेन्शनर (बेल्टला दिशा आणि ताण देणाऱ्या पुल्या), अल्टरनेटर ठीक. कंप्रेसरची पुली मात्र खरखरत होती.

बेल्ट परत चढवला, एसी चालू करून गाडी उन्हात उभी ठेवली. अर्ध्या तासाने वास आला. अल्टरनेटरची पुली साठीच्या घरात आणि कंप्रेसरची १४० अंशांवर! एसीच्या गॅसचा दाब मोजणारे गेज लावले होते. बाहेर ३५ अंश असताना हाय साइड (कंप्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे कंप्रेसर जाम नव्हता, गॅसही जास्त नव्हता. घसरत होता तो कंप्रेसरचा मॅग्नेटिक क्लच. एसी लावला की त्याच्या कॉइलमधून करंट जातो, ती चुंबक बनते आणि हब प्लेट पुलीला चिकटवून कंप्रेसर फिरवते. इथे ती पकडच सुटत होती. पुली इंजिनबरोबर फिरते, पुढची हब प्लेट मधूनच मागे पडते, आणि घर्षणाची सगळी उष्णता पुलीत उतरते. तिथून ती बेल्टला भाजते आणि बेअरिंगचं ग्रीस वितळवते.

हब काढला. घासणारा चेहरा निळा पडला होता, कडेला तांबूस-काळी भुकटी. प्लेट आणि हब यांच्यामधल्या रबरावर बोट दाबलं तर ते चिकटलं आणि बोटाला काळा डाग राहिला. वासाचं रबर हेच, बेल्ट त्याच्या नंतर. प्लेट आणि पुली यांच्यातली, फीलर गेजने मोजलेली फट ०.९ मिमी होती. ती साधारण ०.३५ ते ०.६५ मध्ये हवी.

बरेच जण इथे थांबतात. एक शिम (फट ठरवणारी पातळ चकती) काढतात, फट कमी करतात, गाडी देऊन टाकतात. पण फट का वाढली? गरम अवस्थेत मोजलेल्या आकड्यांत त्याचं उत्तर होतं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, कॉइलच्या कनेक्टरवर १०.७. अर्थच्या बाजूने ०.२ गेले, उरलेले ३.२ एकट्या रिलेच्या, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, दोन पॉइंटांत अडकले होते. कॉइल थंड असताना ३.८ ओहम, तापल्यावर ४.६. म्हणजे जिथे तीन अँपिअर मिळायचे तिथे २.३ मिळत होते. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या हिशेबात घटते, त्यामुळे ती साठ टक्क्यांच्या आसपास आली होती. ओढ कमी, म्हणून प्लेट घसरते, घासून झिजते आणि फट वाढते. वाढलेल्या फटीचा तोटा आणखी वेगळा. रिलेत सात वॅट उष्णता सतत मुरत होती. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं.

रिलेचे पॉइंट का जळले? कॉइलला समांतर एक डायोड असतो. करंट तुटताना कॉइल उलटा झटका मारते, तो डायोड गिळतो. या गाडीत तो फ्यूजबॉक्समध्ये, फ्यूजसारखाच दिसणारा. मीटरच्या डायोड मोडवर एका बाजूने ०.५ ते ०.७ यायला हवं होतं. दोन्ही बाजूंनी काहीच नाही. म्हणजे क्लच सुटताना दर वेळी रिलेत ठिणगी पडत होती.

दुरुस्ती त्याच क्रमाने केली. डायोड, रिले, सॉकेटमधलं टर्मिनल. मग हब, पुली, बेअरिंग आणि कॉइल सेटनेच, कारण कॉइलचं वॉर्निशही भाजलं होतं. या गाडीत कंप्रेसर जागेवर ठेवून हे काम होतं, गॅस काढावा लागत नाही. शिम लावून तीन ठिकाणी फट ०.४५ आणली. मग दीड-दोन हजार आरपीएमवर एसी वीसेक वेळा चालू-बंद केला, म्हणजे नवे चेहरे एकमेकांवर बसतात. चकाकलेला बेल्ट शेवटी बदलला. पुन्हा अर्धा तास उन्हात: कॉइलवर १३.८ व्होल्ट, पुली सत्तरच्या आसपास, वास नाही.

डायोड मुळात कशाने गेला, हे मात्र अजून डोक्यात घोळतंय. फ्यूजबॉक्समध्ये ओल नव्हती, वायरिंगला कुठे जोड नव्हता. कुणाच्या गाडीला हाच वास फक्त एसीवर येत असेल तर तोवर एसी बंद ठेवा. पण एसी बंद असला तरी ती पुली फिरतच असते. खरखर ऐकू येत असेल तर गाडी लांब नेऊ नका. बेअरिंग जाम झालं की बेल्ट तुटतो, अल्टरनेटर थांबतो, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापतं.